आहेराचं पुस्तक

जून लागला की धुळ्यात दोन वास एकदम येतात. एक तापलेल्या डांबराचा आणि दुसरा दुकानांबाहेर रचून ठेवलेल्या खाकी कव्हरच्या कागदांचा. माझ्या नाकाची घरात फारशी पत नाही. दूध उतू गेलेलं मला शेजारच्या अक्का भिंतीपलीकडून ओरडून सांगतात, तेव्हा कळतं. पण हा खाकी कागदाचा वास मला कुणी सांगावा लागत नाही. तो आला की मी उगाचच पदर खोचून पुस्तकांची फडताळं पुसायला घेते. घरातले समजतात, उन्हाळा बाधला.

यंदाही तसंच झालं. आभाळ रोजच्यासारखं मातकट, वारा रोजच्यासारखा गरम, पाऊस कुठंच नाही, आणि मी फडताळापुढं फडकं घेऊन उभी. तेवढ्यात माझी भाची मनीषा आली. माझ्या भावाची मुलगी, नुकतीच डी. एड. झालेली. जळगावला एका शाळेत नोकरी लागली म्हणून पेढे घेऊन आली होती. पेढ्याचा पुडा माझ्या हातात ठेवून होतो न होतो तोच म्हणाली, "आत्या, पहिल्या दिवशी वर्गावर काय घेऊ? पोरं बुजलेली असतात ना. आमच्या मॅडमनी एक इतकं छान सांगितलंय! प्रत्येकानं आपलं आवडतं पुस्तक आणायचं आणि सगळ्यांपुढं त्याबद्दल बोलायचं. संकोच पार पळून जातो म्हणे."

या प्रकाराला तिनं एक इंग्रजी नावही सांगितलं. ते माझ्या लक्षात राहिलं नाही. नाव नवीन होतं, पण उद्योग माझा ओळखीचा होता. अठरा वर्षांपूर्वी, जूनमध्येच, मी तो केला होता.

"तू केलंयस की हे!" मनीषा म्हणाली. "सोनगीरला! आत्या, ते रेशन कार्डाचं सांग ना!"

आमच्या घरात गोष्ट सांगायचं काम माझ्याकडं आहे. कुणी दिलं नाही, मीच बळकावलं. लग्नाघरी पंगती उठल्या, दिवाळीत फराळ झाला, कुणाच्या बारशाला बायका टेकल्या, की "ताई, ते सांगा" अशी फर्माईश होते आणि मी आधी नाही नाही म्हणून मग तासभर थांबत नाही. त्यातली सर्वांत जास्त वेळा सांगितलेली गोष्ट म्हणजे ही रेशन कार्डाची. पोट धरून हसतात सगळे. मी कुठं थांबायचं तेही ठरलेलं आहे. रेशन कार्डापाशी थांबायचं, पाणी प्यायचं आणि दुसरी गोष्ट सुरू करायची.

मनीषाला मी तीच सांगितली आणि तिथंच थांबले. ती हसत हसत जळगावच्या गाडीला गेली. मग घरात कुणी नव्हतं. राहिलेली गोष्ट मला एकटीलाच ऐकावी लागली.

*

सोनगीरला मी धुळ्याहून रोज जात असे. सकाळची शिरपूर गाडी, खिडकीजवळची जागा मिळाली तर तोंडावर धूळ आणि न मिळाली तर कुणाच्या तरी कोंबडीची पिशवी मांडीवर. किल्ला दिसायला लागला की उतरायची तयारी करायची. आग्रा रोडवर ट्रक सुसाट, आणि रस्ता ओलांडून गावात शिरलं की ट्रकांचा आवाज मागं पडून दुसरा एक आवाज पुढून यायचा. ठक ठक, ठक ठक. तांब्यापितळेची भांडी घडवणारी घरं त्या गावात पुष्कळ. कुणी घागर मठारतोय, कुणी पातेल्याचा काठ वळवतोय, कुणी परातीवर नाव टाकतोय. प्रत्येक ठोक्याचा स्वर वेगळा. घागरीचा जाड, तांब्याचा बारीक. आमची शाळा त्या गल्लीच्या तोंडाशीच होती, त्यामुळं पाढेसुद्धा पोरं त्या ठोक्यावर म्हणायची. सुट्टीच्या दिवशी ठोके थांबले की म्हणे मोठ्या गुरुजींनाच चैन पडायचं नाही.

मोठे गुरुजी म्हणजे आमचे मुख्याध्यापक. कडक इस्त्रीचे, मृदू बोलणारे, वाईट मुळीच नाहीत. पहिल्याच दिवशी त्यांनी मला सातवीचा वर्ग दिला आणि ग्रंथालयाचा चार्ज दिला. ग्रंथालय म्हणजे एक लोखंडी कपाट. चार्ज म्हणजे त्या कपाटाची किल्ली आणि एक यादी. यादीवर वर लिहिलं होतं : गहाळ पुस्तके. खाली एकोणीस नावं, प्रत्येकापुढं दाखल क्रमांक.

"बाई, हे कपाट फार जोखमीचं," गुरुजी म्हणाले. "पुस्तकं बाहेर गेली की परत येत नाहीत. म्हणून आपण ती बाहेर काढतच नाही. तुमच्या आधीचे गुरुजी जरा उदार होते. बदली झाली त्यांची. ही यादी तेवढी तशीच राहिली."

मी मान डोलावली. वय बावीस, नवी साडी, नवी पर्स, आणि डोक्यात जगाला सुधारण्याचा बेत. एका शैक्षणिक मासिकात वाचलं होतं की मुलांना आवडत्या पुस्तकाबद्दल बोलू द्या, मुलं फुलांसारखी उमलतात. मला मुलं उमलायला हवी होती आणि त्यांनी माझ्याकडं पाहत उमलायला हवं होतं. हे आज लिहिताना लाज वाटते. तेव्हा वाटली नव्हती.

"उद्या प्रत्येकानं आपल्या घरातलं आपलं सगळ्यात आवडतं पुस्तक आणायचं," मी फळ्यापुढं उभी राहून सांगितलं. "शाळेचं नको. घरचं."

बेचाळीस मुलं माझ्याकडं बघत राहिली. कुणी काही विचारलं नाही. त्या न विचारण्यात काय होतं ते मला कळायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी जे आलं ते मी घरात इतक्यांदा सांगितलंय की पोरंसुद्धा आता माझ्याआधी बोलतात. एकानं पंचांग आणलं. एकानं ट्रॅक्टरचं माहितीपुस्तक, कारण त्यात रंगीत चित्रं होती. ट्रॅक्टर त्यांच्याकडं नव्हता, पुस्तक होतं. तीनचारजणांनी थोरल्या भावाचं जुनं सातवीचं पुस्तक आणलं आणि त्याच्यावर हात ठेवून बसले, म्हणजे आपल्याकडं पुस्तक आहे हे दिसावं पण कुठलं ते दिसू नये. एका मुलीनं लग्नपत्रिका आणली. का आवडते? तर तिच्यात अगदी खाली, चिल्ल्यापिल्ल्यांच्या ओळीत, तिचं नाव छापलं होतं. ती ओळ दाखवताना ती लाजून चूर झाली. आणि भिका नावाच्या एका पोरानं आणलं रेशन कार्ड.

"भिका, हे पुस्तक आहे का?"

"पुस्तकच शे ना बाई. पानं शेतस, शिक्का शे. आमना घरमा हाई एकच शे."

"आणि ते तुला आवडतं?"

"आवडस ना! हाई लई गयं का साखर भेटस!"

वर्ग हसला, मीही हसले. खिडकीबाहेरचे ठोकेसुद्धा क्षणभर थांबल्यासारखे वाटले. इथं मी नेहमी पाणी पिते.

*

चाळिशीच्या बायकांना एक सवय लागते. आठवण पुढं जाऊ लागली की भांडी आवरायला उठायचं. मीही उठले. पण स्वयंपाकघरात गेलं तर फळीवर काय, तांब्या, घागर, परात, सगळ्यांवर ठिपक्याठिपक्यांची नावं. सौ. अमुक हीस मामांकडून सप्रेम भेट. तमुक यांच्या स्मरणार्थ. आमच्याकडं कुणी काही दिलं तर त्याच्यावर देणाऱ्याचं नाव असतं. भांडं वापरणाऱ्याचं झालं तरी नाव देणाऱ्याचंच राहतं. लग्नानंतर वीस वर्षांनीसुद्धा बाई सासरी कळशीनं पाणी ओतताना आपल्या मामाचं नाव वाचते. किती साधी गोष्ट. हे मला जन्मापासून माहीत होतं. पण मी फळ्यासमोर उभी राहिले तेव्हा विसरले.

भिकानंतर विमल उठली.

विमल तिसऱ्या बाकावर बसायची. बारीक अंगाची, दोन वेण्या, बोटांच्या टोकांना पितळेचा पिवळेपणा. तिचे वडील रघुनाथभाऊ आहेराच्या भांड्यांवर नावं टाकायचे. गल्लीतलं सर्वांत सुबक अक्षर त्यांचं, असं लोक म्हणत. विमलनं पिवळ्या फडक्यात बांधलेलं काहीतरी काढलं. भांडी पुसायच्या फडक्यात. आत एक पुस्तक होतं. खरं पुस्तक. कव्हर कधीच गेलेलं, त्यामुळं नावही गेलेलं, पण पुठ्ठा नवा लावून दोऱ्यानं शिवलेला, आणि दोरा इतका नेटका की मला वाटलं, इतकं जपलेलं पुस्तक मी आजवर पाहिलं नाही.

"कुणाचं गं हे?"

"मन्ही शकुताईनं, बाई. तिनं लगीन व्हयनं तवय ती माले दी गयी. सासरले पुस्तक कोन लई जास?"

"मग सांग ना आम्हाला. कशाची गोष्ट आहे?"

ती सांगू लागली. पुस्तकातली भाषा पुस्तकी असणार, पण ती आपल्या अहिराणी बोलीत सांगत होती. "एक टपालवाला ऱ्हास," अशी तिनं सुरुवात केली. म्हातारा टपालवाला, उद्या निवृत्त होणार. त्याच्या झोळीत शेवटचं एक पत्र उरतं, त्याच्यावर नाव नसतं, गाव नसतं. टाकून द्यायचं त्याच्या जिवावर येतं. तो मग घरोघर, गावोगाव विचारत निघतो, हे तुमचं का? प्रत्येकाला ते आपलंच वाटतं. पोराची वाट बघणाऱ्या म्हातारीला वाटतं, माहेराची वाट बघणाऱ्या सुनेला वाटतं. आणि तो प्रत्येकाला विचारतो, कशावरून?

विमल म्हातारीचा आवाज काढायची, मग सुनेचा. भिकानं तोंड उघडं टाकलं होतं. लग्नपत्रिकावाली पोरगी पत्रिका विसरून पुढं सरकली होती. मासिकात लिहिलं होतं ते माझ्या डोळ्यांदेखत घडत होतं, एक मूल उमलत होतं, आणि ती माझ्याकडं बघतसुद्धा नव्हती. ती त्या टपालवाल्याबरोबर कुठल्याशा गावच्या वेशीवर पोचली होती.

मी कौतुकानं पुढं गेले. तिनं बाकावर ठेवलेलं पुस्तक सहज उचललं, पान उलटलं. आणि आत शाळेचा गोल, जांभळा शिक्का, खाली दाखल क्रमांक.

डोक्यात ती एकोणीस नावांची यादी होती. चार दिवस ती यादी माझ्या पर्समध्ये होती, बसमध्ये उघडून मी वाचत असे. माझ्या तोंडून जो शब्द निघाला तो मी आजवर कुणालाही सांगितलेला नाही.

"सापडलं!" मी ओरडले. आनंदानं.

विमल मधेच थांबली. टपालवाला वेशीवरच राहिला.

"मुलांनो, हे तर आपल्या शाळेचं पुस्तक!" मी ते उंच धरून सगळ्यांना शिक्का दाखवला. खरंच सांगते, माझ्या मनात तिला दोष द्यायचं नव्हतं. मला फक्त यादीतलं एक नाव कमी करायचं होतं. पण वर्गाला काय, वर्गाला शिक्का दिसला. मागच्या बाकावरून आवाज आला, "चोरेल शे, बाई! चोरेल पुस्तक!" मग दुसरीकडून, मग चहूकडून.

विमल गोंधळली नाही. तिला वाटलं, बाईंना समजलेलं नाही, समजावून सांगू. ती पुढं आली आणि त्या पिवळ्या बोटानं शिक्का दाखवत म्हणाली, "चोरेल नही, बाई. शाळानी दियेल शे. हाई देखा, नाव टाकेल शे."

आणि मी हसले.

तिच्या घरात दिवसभर बाप आहेरावर देणाऱ्याचं नाव टाकतो. बहिणीची शाळा सुटते, लग्न ठरतं, त्याच आठवड्यात आधीचे ते उदार गुरुजी हातात एक पुस्तक ठेवतात आणि त्याच्यावर शाळेचं नाव असतं. दुसरा काय अर्थ होतो त्याचा? त्या पोरीच्या जागी मी असते तर मलाही दुसरा अर्थ सुचला नसता. पण मी बाई होते. मी खडू घेतला. फळ्यावर एक चौकोन काढून त्यात गोल काढला आणि सगळ्या वर्गाला समजावून सांगितलं, की भांड्यावर नाव असतं ते देणाऱ्याचं, पण पुस्तकावर शिक्का असतो तो मालकाचा. दोन्हींत फरक असतो. कळलं का सर्वांना? कळलं, बाई! बेचाळीस आवाज. म्हणजे एक्केचाळीस. विमलनं पिवळ्या फडक्याची घडी घातली, घडीची घडी घातली, आणि इतकी लहान केली की ती मुठीत मावली.

मी उत्तम समजावून सांगितलं होतं. उभ्या नोकरीत मी इतका समजेल असा दुसरा पाठ घेतलेला नाही.

*

मोठे गुरुजी खूष झाले. "बाई, पहिल्याच आठवड्यात कमाल केलीत," म्हणाले. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी त्यांनी सगळ्या शाळेला सांगितलं, की नव्या बाईंनी शाळेचं हरवलेलं पुस्तक शोधून काढलं, तेव्हा सर्वांनी आपापल्या घरात बघा, शाळेचं काही राहिलं असेल तर आणून द्या. कुणाचं नाव घेतलं नाही त्यांनी. घ्यायची गरज नव्हती. रांगेतल्या सगळ्या माना सातवीच्या मुलींकडं वळल्या. विमल रांगेत नव्हती.

तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत रघुनाथभाऊ आले. ऑफिसच्या उंबऱ्याबाहेर चपला काढून उभे राहिले. काखेत धोतराच्या फडक्यात काहीतरी मोठं. गुरुजी नव्हते, मी एकटीच होते. त्यांनी वाकून ते जमिनीवर ठेवलं, फडकं सोडलं. तांब्याची घागर. इतकी सुरेख मठारलेली, की खिडकीतलं ऊन तिच्यावर शंभर ठिकाणी तुटत होतं.

"बाई, आमनी चूक व्हयनी," ते खाली बघत म्हणाले. "आमले वाटनं, शाळानीच पोरले आहेर कया. शकुना लगनमा सगळा आहेर मांडेल व्हता ना, तवय हाई पुस्तक बी मांडेल व्हतं. मधोमध. लोकेसले दाखाडं आम्हीन. शाळानी दिन्हं म्हनीसन."

पितळी परातींच्या मधोमध ठेवलेलं पुस्तक मला दिसलं. सगळ्या गावानं ते पाहिलेलं. आता सगळं गाव ते आठवत असणार.

"भाऊ, अहो, चूक माझी झाली," मी म्हणाले. "तुम्ही घागर घेऊन जा. विमलला पाठवा."

"घागर नही लई जावाव. नाव टाकी दिन्हं शे," ते म्हणाले. मी वाकून पाहिलं. गळ्याखाली, बारीक ठिपक्यांत, गावातलं सर्वांत सुबक अक्षर : शाळेस, शकुंतला व विमल यांजकडून.

"आणि विमल?"

त्यांनी रिकामं फडकं खांद्यावर टाकलं. बाहेर ठोके चालू होते. "आम्ही लोकेसना नावे टाकतस, बाई," ते म्हणाले. "आते आमनंच नाव गयं. ती येवाव नही."

मी एकदा त्यांच्या घरी गेले. एकदाच. त्याहून जास्त वेळा गेले असते तर आज काही वेगळं लिहिलं असतं का, हे मी स्वतःला विचारणं आता सोडलंय. ओट्यावर विमल बसली होती. गुडघ्यांत तांब्या आडवा धरून, डाव्या हातात टोचणी, उजव्या हातात लहान हातोडी. नाव टाकत होती. "अक्षर चांगलं शे तिनं," आई आतून म्हणाली, "शाळामा गयी त्याना तेवढा उपयोग." मी काही काही बोलले. चुकलं माझं, ये, मी कुणाला बोलू देणार नाही, तुला पुढच्या बाकावर बसवते. विमल ठोकत राहिली. एकेक ठिपका, एकेक ठिपका. मग हातोडी थांबवून तिनं वर पाहिलं आणि एवढंच विचारलं,

"बाई, ते पुस्तक आते कोन वाचस?"

पुस्तक कपाटात होतं. कपाटाला कुलूप होतं. किल्ली माझ्या पर्समध्ये होती, तिथं, त्या ओट्यावर, माझ्या काखेत.

"सगळे वाचतात," मी म्हणाले.

तिनं मान हलवली. बरं वाटलं असावं तिला. ती पुन्हा नाव टाकायला लागली.

*

दिवाळीनंतर हजेरीपटावर तिच्या ओळीत मी लाल शाईनं लिहिलं : नाव कमी केले. अक्षर माझंही वाईट नाही. ग्रंथालयाच्या यादीतलंही एक नाव मी कमी केलं होतं. गहाळ पुस्तके अठरा. बाकीची अठरा कुणीच आणून दिली नाहीत. मला त्याचं आता बरं वाटतं. कुणाच्या तरी घरात कुणी तरी ती अजून आहेर समजून जपत असेल.

पुढच्या जूनमध्ये मी बदली मागून धुळ्याच्या शाळेत आले. म्हणजे ते कपाट अकरा महिने माझ्या ताब्यात होतं. टपालवाल्याचं पत्र शेवटी कुणाचं निघतं, हे वाचायला मला एक दुपार पुरली असती. मी वाचलं नाही. दोनदा कपाट उघडलं, शिवलेला दोरा दिसला, पुन्हा बंद केलं. घरादाराला गोष्टी सांगणारी बाई मी, आणि ज्या एका गोष्टीचा शेवट मला माहीत असायला हवा होता तो मला माहीत नाही.

चारेक वर्षांपूर्वी तिथल्या एका सहकारी बाईंच्या निरोप समारंभाला सोनगीरला गेले होते. रस्ता ओलांडला आणि थबकले. काहीतरी चुकतंय असं वाटलं. मग कळलं, ठोके नव्हते. म्हणजे होते, लांब कुठं तरी एकदोन. आता सगळ्यांना स्टील हवं. शाळेत चहा झाला, भाषणं झाली. व्हरांड्यात पाण्याला प्लॅस्टिकचा निळा पिंप होता, वर दोरीनं बांधलेला पेला. मी शिपाईभाऊंना विचारलं, इथं एक तांब्याची घागर होती.

"व्हती ना, बाई. गळाले लागनी. मोडमा दी दिनी."

"आणि कपाटातली पुस्तकं?"

"वाळवी," ते म्हणाले. एकच शब्द.

विमलचं विचारलं. सुरतेकडं दिलीय म्हणाले. मग म्हणाले, का ती दुसरी विमल? इथं विमल पुष्कळ आहेत. मी जास्त विचारलं नाही. गाडीची वेळ झाली होती. गाडीची वेळ माझ्या मदतीला नेहमी वेळेवर येते.

*

मनीषाचा परवा फोन आला. "आत्या, तुझ्यासारखं रेशन कार्ड नाही कुणी आणलं!" ती हसत होती. "निम्म्याहून जास्त पोरांनी गाईड आणलंय. आवडतं पुस्तक म्हणून गाईड! सांग आता."

मी हसले. हसणं मला जमतं.

"आणि एक मुलगी काहीच न आणता आली. मी आपलं गमतीनं म्हटलं, अगं, घरात एकसुद्धा पुस्तक नाही? सगळा वर्ग हसला. छान मोकळी झाली मुलं."

"आणि ती?"

"ती कोण?"

"ती मुलगी गं."

"ती... काल नव्हती बहुतेक. आज पण दिसली नाही. येईल. आत्या, ऐकतेयस ना?"

मी ऐकत होते. मी रेशन कार्डापाशी थांबले होते. एक घोट पाणी कमी प्याले असते, पुढचं सांगितलं असतं, तर मनीषा बोलली नसती तसं. फोनवर मग मी सांगू लागले. "मनीषा, त्या मुलीच्या घरी जा, आजच जा," म्हटलं. "का गं?" म्हणाली. सोनगीरला एक विमल होती, इथून मी सुरुवात केली. मागून तिला कुणी तरी हाक मारली. "आत्या, फोन बूथवर रांग आहे, ही गोष्ट मी आल्यावर सांग हं, रंगवून सांग," म्हणाली आणि ठेवला.

त्याच संध्याकाळी मी भांड्यांच्या बाजारात गेले. नोकरी लागल्याबद्दल मनीषाला तांब्या द्यायचा असं आधीच ठरवलं होतं. भाचीला द्यायचाय म्हटल्यावर दुकानदारानं मठारलेला एक तांब्या काढला. सोनगीरचा आहे, म्हणाला, आता असलं काम मिळत नाही. मग त्यानं नाव टाकायचं विजेचं यंत्र सुरू केलं. ते ठकठक करत नाही, नुसतं घूं करतं. तांब्या मांडीवर आडवा धरून, टोक टेकवून त्यानं माझ्याकडं पाहिलं.

"काय नाव टाकू, बाई?"

मागं गिऱ्हाईक खोळंबलं. यंत्र घूं घूं करत राहिलं.

"राहू द्या," मी म्हणाले. "नाव नको."

त्यानं यंत्र बंद केलं आणि तांब्या कागदात गुंडाळताना, खरंच न समजून, विचारलं, "बिगर नावाचं? मग तिले समजी कसं, कोनी दिन्हं ते?"